आतली कडी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेला वीकएंड गावी, नागावला, ड्रिल मशीन हातात धरून गेला. घराच्या लोखंडी दाराला नवीन कुलूप बसवलं. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण सांगतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचं मागचं लाकडी दार चौकटीसकट गेलं. मग बाबांनी पुढे-मागे लोखंडी दारंच करून घेतली. आतून जाडजूड कड्या, वर-खाली बोल्ट. किल्लाच म्हणा ना.

दोन महिन्यांपूर्वी बाबा अलिबागला गेलेले असताना आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या काकूंनी हाक ऐकली. आमची किल्ली त्यांच्याकडेच असते, पण दोन्ही दारांना आतून कडी! खिडक्यांना गज. शेवटी वेल्डिंगवाल्याने ग्राइंडरने बिजागऱ्या कापल्या. तोवर पाऊण तास आई ओल्या फरशीवर. हाड मोडलं नाही, हे नशीब. मी तेव्हा पुण्यात मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्या घरात दोन म्हातारी माणसंच राहतात, तिथे बाहेरून उघडताच येणार नाही अशी कडी दिवसा लावू नये. बाबा लगेच म्हणाले, "दिवेआगर विसरलास का?" २०१२ च्या मार्चमध्ये तिथल्या सुवर्ण गणेशाची चोरी झाली, दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले. ती भीती खोटी नाही, मान्य. पण चोर येईल तेव्हा येईल, न्हाणीघर रोज ओलं असतं.

म्हणून नाईट लॅच आणलं. आतून नॉब, बाहेरून किल्ली. एक बघून घ्या: काही लॅचना आतून एक खटका असतो, तो लावला की बाहेरची किल्ली चालत नाही. मग पहिले पाढे पंचावन्न. मित्राने डिजिटल लॉक सुचवलं होतं. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणूनच नको म्हटलं :)

खरं काम पुढे. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. आधी पंच मारायचा, मग ३ मिमीचं बिट, मग मोठं, तेलाचा थेंब टाकत सावकाश. मला घाई नडली, एक बिट मोडलं. भोकाच्या कडा कानशीने घासून लगेच झिंक प्रायमर लावायचा, 'उद्या लावू' नाही. क्रोमचा चकचकीत मुलामा समुद्राजवळ लवकर फुगतो, म्हणून पितळी लॅच घेतलं. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतात. हार्डवेअरवाला म्हणाला, "एवढं कोण बघतं?" आणि हो, कुलपात खोबरेल ओतू नका. वाळू-धूळ चिकटून चोथा होतो. ग्राफाइट पावडर टाका. आमच्याकडे वीस वर्षं खोबरेलच चाललं, तो भाग वेगळा.

जुन्या कड्या काढल्या. एक किल्ली काकूंना दिली, दुसरी माझ्याकडे. मागच्या दाराचा वरचा बोल्ट मात्र बाबांनी काढू दिला नाही. "रात्रीपुरता राहू दे रे," म्हणाले. राहू दिला. पुढचं दार तरी बाहेरून उघडतं. काकूंना बोलावून तीनदा उघडून बघायला लावलंय.