समुद्र नसलेल्या शहरात जहाजांचे निकाल

दिल्लीहून सर्वांत जवळचा समुद्र गाठायचा म्हटलं तरी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. इथली यमुना पावसाळ्याचे दिवस सोडले तर धड होडीलाही पुरत नाही. तरी मोठ्या जहाजांनी कुठे आणि कसं मरावं, याचा निकाल गेली वीस वर्षं याच शहरात लागतो आहे. टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय, संसद मार्गावर जहाजवाहतूक मंत्रालयाचं परिवहन भवन आणि पर्यावरण मंत्रालय, जे तेव्हा लोधी रोडला होतं आणि आता जोरबागेत आहे. एका फ्रेंच प्रवासी जहाजाचा खटला या शहरात वर्षभराहून जास्त चालला. तो चालू होता तोवर जहाज गुजरातच्या अलंग या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर चिखलात बसून होतं.

‘ब्ल्यू लेडी’ हे त्याचं शेवटचं नाव. पहिलं नाव ‘फ्रान्स’. 11 मे 1960 रोजी सें-नाझेरच्या गोदीत यव्हॉन द गॉल यांनी त्याचं जलावतरण केलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉल स्वतः हजर होते. लांबी 316 मीटर. 2004 मध्ये ‘क्वीन मेरी 2’ आलं, तोवर याहून लांब प्रवासी जहाज जगात नव्हतं. फेब्रुवारी 1962 मध्ये ते ल हाव्रहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीला निघालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यातून एक नाजूक प्रवासी अमेरिकेला गेली: मोनालिसा. फ्रेंच सरकारने तिला विमानाऐवजी या जहाजाच्या हवाली केलं, यावरून त्याचा तेव्हाचा मान कळतो.

मान होता, पण जहाजाला जन्मालाच उशीर झाला होता. 1958 पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली होती. पाच दिवसांचं अंतर सात-आठ तासांवर आल्यावर समुद्रावरून जाणार कोण? ते चालत राहिलं सरकारी अनुदानावर. 1973 मध्ये तेल भडकलं, 1974 मध्ये सरकारने हात आखडता घेतला. तेव्हा खलाशांनी ल हाव्रच्या बाहेर जहाजच ताब्यात घेतलं. उपयोग झाला नाही. पुढची चारेक वर्षं ते एका कोपऱ्यातल्या धक्क्याला बांधून पडलं आणि त्या धक्क्याला लोकांनी ‘विस्मृतीचा धक्का’ असं नाव पाडलं. 1975 मध्ये मिशेल सार्दू या गायकाने जहाजाच्या तोंडी गाणं घातलं, ते फ्रान्सभर गाजलं. गाण्याने जहाज वाचत नाही, पण 1979 मध्ये नॉर्वेच्या क्नुट क्लोस्टर यांनी ते विकत घेऊन ‘नॉर्वे’ केलं, जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला नेऊन त्याचा कायापालट केला आणि मायामीहून कॅरिबियन सहलींना जुंपलं. घाई असलेल्यांसाठी बांधलेलं जहाज अर्धी यंत्रं बंद ठेवून निवांत माणसांसाठी चालू लागलं. आजचा अवाढव्य क्रूझ धंदा याच प्रयोगातून वाढला, असं मानणारे बरेच आहेत, आणि मला त्यांचं पटतं.

25 मे 2003 रोजी मायामी बंदरात बॉयलर फुटला. आठ कर्मचारी गेले. त्यानंतर त्या जहाजाने प्रवासी कधी नेले नाहीत.

आपला संबंध इथून पुढे येतो. 2005 मध्ये जहाज ब्रेमरहाफेनहून ओढत मलेशियात नेलं गेलं. आशियात पुन्हा वापरू, असं सांगून. विषारी माल पोटात असलेलं जहाज भंगारात काढायला म्हणून युरोपातून बाहेर नेणं बेकायदा ठरलं असतं, म्हणून असं सांगणं भाग होतं. 2006 च्या सुरुवातीला बांगलादेशने त्याला दार बंद केलं. जूनमध्ये ते भारताच्या दिशेने आलं. बरोबर याच सुमारास ‘क्लेमान्सो’ या फ्रेंच विमानवाहू नौकेचा तमाशा नुकताच आटोपला होता: तीही एस्बेस्टॉस घेऊन अलंगला निघाली होती, सर्वोच्च न्यायालयाने तिला रोखलं आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी भारतभेटीच्या तोंडावर, 15 फेब्रुवारी 2006 रोजी, तिला परत बोलावलं. ती शेवटी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तोडली गेली. ‘क्लेमान्सो’ला मालक होता, तो म्हणजे फ्रान्सचं सरकार, आणि त्याला अब्रूची चाड होती. ‘ब्ल्यू लेडी’चा मालक तोवर दूरदेशातली कागदी कंपनी झाला होता. फोन करायचा तर कुणाला?

आता क्रम नीट बघा. 14 ऑक्टोबर 2003 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं की तोडायला येणारं जहाज मालकाने आधी घातक मालापासून मोकळं करून पाठवावं. जून 2006 मध्ये ‘ब्ल्यू लेडी’ दाराशी आली, पावसाळा तोंडावर होता, म्हणून माणुसकीच्या नात्याने न्यायालयाने तिला भारताच्या पाण्यात थांबायला परवानगी दिली. थांबायला, तोडायला नाही. पण ती पिपावावजवळून हलली आणि 15 ऑगस्टला अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. पर्यावरण मंत्रालयाचे सचिव प्रदीप्तो घोष यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती होती, तिने तपासणी केली. हजार टनांहून जास्त एस्बेस्टॉस असल्याचं समोर आलं, बहुतेक भिंतींच्या आणि छतांच्या तक्त्यांमध्ये. कार्यकर्ते गोपाल कृष्ण यांनी न्यायालयात हरकत घेतली. सोसिया गावच्या सरपंचांनी आसपासच्या बारा गावांतल्या तीस हजार लोकांच्या वतीने अर्ज केला. आणि 11 सप्टेंबर 2007 रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती कपाडिया यांच्या पीठाने तोडायला परवानगी दिली. एका बाजूला पर्यावरण, दुसऱ्या बाजूला 41,000 टन पोलाद आणि 700 कामगारांची रोजी. या दोन्हींचा तोल न्यायालयाने सांभाळला, असं निकालात म्हटलं आहे.

तो तोल मला पोकळ वाटतो, आणि ते न्यायमूर्तींच्या हेतूबद्दल नाही. अलंगला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीला जहाज सपाट किनाऱ्यावर रेटायचं, ओहोटी लागली की ते तिथेच बसतं, मग साखळ्या लावून ते वर वर ओढायचं: 1983 पासून तिथलं हे तंत्र आहे. यात उलटा रस्ता नाही. तीन वर्षं इंजिन बंद असलेलं, 316 मीटर लांबीचं जहाज एकदा तिथे बसलं की न्यायालयापुढचा प्रश्न ‘तोडायचं का’ हा राहतच नाही. ‘तोडायचं कसं’ एवढाच उरतो, आणि न तोडलं तर तेच विष किनाऱ्यावर गंजत राहणार, हा युक्तिवाद बिनतोड होऊन बसतो. निकाल 2007 मध्ये लागला असं म्हणायचं. खरं तर तो 15 ऑगस्ट 2006 लाच लागला होता.

हे एकदाच घडलं असतं तर सोडून दिलं असतं. आपल्या मराठी माणसांनी हाच खेळ दोनदा जवळून पाहिला आहे. विमानवाहू नौका ‘विक्रांत’ 1997 मध्ये निवृत्त झाली, 2012 पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, पण कायमच्या जागेसाठी आणि पैशासाठी महाराष्ट्रात आलेल्या एकाही सरकारने शेवटपर्यंत तड लावली नाही. 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना लिलाव झाला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटची याचिका फेटाळली आणि मुंबईतल्याच दारूखान्यात तिचे तुकडे झाले. बजाजने त्यातल्या पोलादाचा अंश घालून मोटरसायकल काढली. दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’, तिची कथा तर आणखी वाईट. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायला 852 कोटींची योजना मंजूर केली. मालवणात किती जणांनी त्या भरवशावर हॉटेलांच्या खोल्या वाढवायचे बेत केले असतील, देव जाणे. सप्टेंबर 2020 मध्ये ‘विराट’ अलंगला किनाऱ्यावर चढली. 10 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती दिली; सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. एप्रिलमध्ये त्यांच्याच पीठाने ती याचिका निकालात काढली, कारण जहाज तोवर 40 टक्के तोडून झालं होतं. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यावर दिल्लीत एक ठरलेलं उत्तर मिळतं: जुन्या वस्तू जपायची आपल्याला सवय नाही. हे खोटं आहे, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे. चाणक्यपुरीत 1977 पासून राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तिथे जपलेलं ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन 1855 चं. 1997 मध्ये ते दुरुस्त करून दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा चालवलं. एनसीआरच्या टोकाला रेवाडीत वाफेच्या इंजिनांची शेड आहे, तिथे आजही कोळसा घालून इंजिनं फुंकतात. हे जमलं कारण इंजिनांचा मालक कोण, यावर वाद नव्हता. रेल्वे मालक, रेल्वेच फिटर, रेल्वेचीच जागा, आणि रेल्वेच्याच अंदाजपत्रकातला पैसा. ‘ब्ल्यू लेडी’ही वाफेवर चालणारंच जहाज होतं. फरक मालकीचा.

दुसरा फरक कायद्याचा, आणि तो क्वचितच कुणी बोलून दाखवतो. 1958 चा स्मारकांचा कायदा आणि 1972 चा पुरावस्तूंचा कायदा, दोन्ही वस्तूचं वय साधारण शंभर वर्षं मागतात. लोखंडी प्रवासी जहाज चाळीस-पन्नास वर्षं चाललं तरी पुष्कळ. म्हणजे आपल्या कायद्याच्या नजरेत जहाज कधी वारसा होऊच शकत नाही. त्या वयाला पोचण्याच्या कितीतरी आधी ते भंगार झालेलं असतं.

सगळी जहाजं जपावीत असं माझं मुळीच म्हणणं नाही. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून अलंगला आलेल्या कामगाराचं पोट त्या पोलादावर चालतं, आणि तिथल्या पोलादाने भावनगर-सिहोरच्या रोलिंग मिल चालतात. जपणं महागही आहे. ‘फ्रान्स’चं प्रतिस्पर्धी ‘युनायटेड स्टेट्स’ हे जहाज फिलाडेल्फियात कित्येक वर्षं गंजत उभं होतं. श्रीमंत अमेरिकेलाही ते पोसवलं नाही. फ्लोरिडातल्या एका काउंटीने समुद्रात बुडवून माशांसाठी कृत्रिम खडक करायला ते घेतलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ते ओढत नेलं. दुबईने ‘क्वीन एलिझाबेथ 2’ घेतलं तर त्याचं हॉटेल व्हायला 2018 उजाडलं. मुंबईहून 2019 मध्ये सहलींना निघालेली ‘कर्णिका’ करोनाने बसली आणि 2020 संपायच्या आत अलंगला पोचली. मूळ 1990 चं ते जहाज, रेन्झो पियानोसारख्या वास्तुकाराचा हात लागलेलं. ते वाचवा असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायला हवं होतं असं मीही म्हणत नाही.

पण ‘ब्ल्यू लेडी’च्या बाबतीत फ्रेंचांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. अलंगमध्ये जहाजाच्या नाकाचा तुकडा कापून घेतला गेला, तो पॅरिसला गेला, 2009 मध्ये तिथे लिलावात अडीच लाख युरोंहून जास्त किमतीला विकला गेला आणि 2018 पासून ल हाव्रच्या धक्क्यावर उभा आहे. ज्या गावाने ते जहाज गमावलं, त्या गावाकडे निदान त्याचं टोक आहे. ज्या गावात ते संपलं तिथे काय राहिलं? अलंगहून त्रापजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग आहे. जहाजांतल्या खुर्च्या, बेसिनं, क्रॉकरी, कपाटं, गाद्या, जे निघेल ते तिथे विकलं जातं. त्यातून भारतभरची हॉटेलं सजली. नोंद कुणाकडेही नाही.

जहाज-पुनर्वापराचा कायदा आपण 2019 मध्ये केला. हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार 26 जून 2025 पासून लागू झाला. त्यामुळे जहाज किनाऱ्यावर चढण्याआधी त्याच्यातल्या घातक मालाची यादी आणि तोडणीचा आराखडा मंजूर असला पाहिजे. 2006 मध्ये हे असतं तर टिळक मार्गावरचा निम्मा वाद झालाच नसता. करार किनाऱ्यावर चढवून तोडणं बंद करत नाही, हा त्याचा कच्चा भाग, आणि अंमलबजावणी कागदावरच राहण्याची भीती आहेच. पण निदान निर्णयाची जागा वाळूवरून पाण्यात सरकली.

त्याच यादीला आणखी एक पान जोडता येईल: या जहाजात जपण्यासारखं काय आहे. नकाशे, लॉगबुकं, घंटा, एखादं यंत्र, एखादी भिंत. अलंगहून काही तासांवर लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतं आहे, काही हजार कोटींचं. तिथे हडप्पाकालीन नौकांच्या प्रतिकृती असतील, त्या असाव्यातही. पण खऱ्या जहाजांचे खरे अवशेष शेजारच्या जिल्ह्यात वजनावर विकले जात असताना त्यांवर पहिला हक्क त्या संकुलाला देणारा नियम करायला नवा कायदाही लागत नाही. तोडणीचा कायदा आणि लोथलचा प्रकल्प, दोन्ही एकाच बंदरे आणि जहाजवाहतूक मंत्रालयाकडे आहेत. फाईलला परिवहन भवनाचा जिना उतरायचीही गरज नाही.