दर्या आणि दऱ्या

काही वर्षांपूर्वी सत्तरीतल्या एका निवृत्त गुरुजींनी गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी लेख दिला. शीर्षक होते 'दऱ्यांतले दिवस'. म्हादईकाठची रानवाट, पावसात वाहून जाणारा साकव, डोंगरउतारावरची कुमेरी शेती असा सगळा ऐवज. स्मरणिका छापून आली आणि वर ठळक अक्षरांत झळकले, 'दर्यांतले दिवस'! मासळीबाजारापलीकडे ज्यांचा समुद्राशी संबंध नाही, त्या आमच्या गुरुजींना छापखान्याने एका रात्रीत तांडेल करून टाकले.

मुद्रिते मीच तपासली होती. चूक दाखवलीही होती. छापखान्यातला मुलगा सरळपणे म्हणाला, "सर, ते अक्षर आमच्या कॉम्प्युटरवर येत नाही. आणि तसे कोण मागतही नाही."

माझे आजचे भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

अक्षर येत नव्हते, हे अर्धेच खरे. ते होते, पण अडगळीत. सरकारी प्रमाण इनस्क्रिप्ट कळफलकावर 'जे'च्या कळीवर र आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ येतो. त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'ऱ्य' तयार. मग त्या मुलाला ते का सापडले नाही? कारण हा ऱ मराठीसाठी ठेवलेलाच नव्हता. 1988 च्या इस्की संकेतप्रणालीवरून युनिकोडची देवनागरी 1991 मध्ये बेतली गेली. त्या तक्त्यात ऱ हे दाक्षिणात्य भाषांतला वेगळा 'र' नागरीत लिहिण्यासाठीचे चिन्ह आहे. त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी येते, ही गोष्ट टिपेत. म्हणजे 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'दुसऱ्या' असे रोजचे शब्द लिहायचे तर मराठी माणसाने शेजाऱ्याच्या घरातून अक्षर उसने आणायचे, तेही ते तिथे आहे हे माहीत असेल तर!

'ॲ'चीही तीच कथा. 'ॲड' किंवा 'ॲप' लिहिणारे आपण मराठी आणि कोकणी दोन्हींत आहोत. पण मूळ तक्त्यात होता तो हिंदी पद्धतीचा 'ऍ'. आपला 'ॲ' युनिकोडमध्ये आला 2008 साली. सतरा वर्षे आपण अ वर चंद्र चिकटवून पाहत होतो आणि पडदा मध्येच एक ठिपक्यांचे वर्तुळ काढून आपल्याला वेडावत होता.

यात कुणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. अनेक भारतीय लिप्यांना एकच चौकट देणे हे मोठे काम होते आणि ते करणारे विद्वान होते. पण विद्वानाला लिपी ठाऊक असते, तर टंकलेखकाला लिहिणे ठाऊक असते. दिवसाला वीस पाने टाइप करणाऱ्या बाईशेजारी एक दुपार कोणी बसला असता, तर 'दुसऱ्या' या शब्दापाशी तिची बोटे अडखळतात हे त्याला लगेच दिसले असते. वस्तू विकत घेतो साहेब, वापरतो कारकून आणि विचारले जाते साहेबाला. नेमके इथेच घोडे पेंड खाते.

गोव्यात तर आणखी एक गंमत. आपल्या गावांची रोमन स्पेलिंगे पोर्तुगीज कानाने घडवलेली आहेत. आपला 'एक्स' म्हणजे श. शेल्डेचे स्पेलिंग 'एक्स'ने सुरू होते, हे केप्यातले शेंबडे पोरही सांगेल. पण रोमनमधून नागरी करून देणाऱ्या कित्येक साधनांत 'एक्स' म्हणजे क्ष! पेडण्याच्या स्पेलिंगात शेवटी 'एम' येतो तो केवळ अनुनासिकाची खूण म्हणून, पण फोनवर वाट सांगणारी बाई त्याचा 'पेरनेम' करते. आणि 'दर्या' काय, 'दऱ्या' काय, रोमनमध्ये स्पेलिंग एकच. मग समुद्र द्यायचा की डोंगर, हे यंत्र ठरवणार.

"लोकांना सवय होते हो," असे यावर सांगतात. होते ना! चपला चावल्या तरी पायाला घट्टा पडून सवय होतेच. म्हणून चपला चांगल्या ठरत नाहीत. उलट सवय होते तेव्हा माणूस तक्रार थांबवतो, आणि करणाऱ्याला वाटते वस्तू आवडली. मराठीत तर याचा परिणाम उघड दिसतो. नवी मुले 'दुसर्या' लिहितात आणि त्यांना त्यात चूक दिसतच नाही. कळफलकाची अडचण हळूहळू शुद्धलेखन होऊन बसते.

पण वाचकहो, या गुन्ह्यात आपलाही वाटा आहे. 'ॲ' आभाळातून पडला नाही. कोणीतरी मागितला, कारणे लिहून दिली, म्हणून मिळाला. आपण गोंयकार मात्र वर्तमानपत्रात भाषेच्या वादावर रकानेच्या रकाने भरतो आणि कळफलकावर अक्षर सापडले नाही की "चलता रे" म्हणून रोमनमध्ये लिहून मोकळे होतो. भाषेचा अभिमान सभेत, आणि बोटे रोमनमध्ये! बनवणाऱ्याने विचारले नाही हा त्याचा दोष. पण आपण सांगितले नाही, हा कोणाचा?

आज ऱ आणि ॲ दोन्ही टंकता येतात. तरी पुढचे यंत्र, पुढचा ॲप, बोललेले टिपून घेणारी पुढची सोय येतच राहणार आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणणार, "कोण मागत नाही." तेव्हा मागा. चुकीचा शब्द दिसला की बनवणाऱ्याला कळवा, सोबत उदाहरण द्या, उत्तर आले नाही तर पुन्हा कळवा.

त्या स्मरणिकेच्या प्रती वाटण्याआधी गुरुजी दोन दिवस वाचनालयात बसून होते. एकेका प्रतीवरचा रफार ब्लेडने खरवडून तिथे शाईने अर्धा र काढत होते. मी म्हटले, "गुरुजी, राहू द्या, लोक समजून घेतील." त्यांनी मान वर न करता सांगितले, "समजून घेतात म्हणूनच असे छापतात."