इगोर श्टिमाट्स

इगोर श्टिमाट्स (जन्म: ६ सप्टेंबर १९६७, मेत्कोविच) हे क्रोएशियाचे माजी व्यावसायिक फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. मराठी वृत्तपत्रांत त्यांचे नाव बहुधा 'इगोर स्टिमॅक' असे छापले जाते. मध्य-बचावपटू म्हणून ते क्रोएशियाकडून ५३ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. १९९८ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या संघाचे ते आधारस्तंभ होते. मे २०१९ ते जून २०२४ या काळात ते भारताच्या राष्ट्रीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांची कारकीर्द यशस्वी की अयशस्वी, हा वाद भारतीय फुटबॉलमध्ये अद्याप मिटलेला नाही.

खेळाडू म्हणून कारकीर्द

श्टिमाट्स यांची जडणघडण स्प्लिट येथील हायदुक या क्लबमध्ये झाली. १९८७ मध्ये चिली येथे झालेली युवकांची जागतिक स्पर्धा युगोस्लाव्हियाने जिंकली. त्या संघात त्यांच्यासोबत झ्वोनिमिर बोबान, दावोर शुकेर, रॉबर्ट प्रोसिनेच्की व रॉबर्ट यार्नी हे खेळाडू होते. त्या पिढीतील क्रोएशियन खेळाडूंनी पुढे अकरा वर्षांनी फ्रान्समध्ये स्वतंत्र देशाच्या ध्वजाखाली जगाला चकित केले.

८ मे १९९१ रोजी बेलग्रेड येथे युगोस्लाव्ह चषकाचा अंतिम सामना हायदुक आणि रेड स्टार यांच्यात झाला. त्याच्या सहाच दिवस आधी बोरोवो सेलो येथे बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते आणि देश फुटण्याच्या उंबरठ्यावर होता. रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच हा त्याच बोरोवो परिसरात वाढलेला. मैदानावर तो आणि श्टिमाट्स यांची जुंपली व दोघांनाही बाहेर काढण्यात आले. हायदुकने सामना १-० असा जिंकला. पराभूत रेड स्टारने त्याच महिन्यात युरोपियन चषक पटकावला, यावरून या विजयाचे मोल कळते. बावीस वर्षांनंतर, मार्च २०१३ मध्ये, झाग्रेब येथे क्रोएशिया आणि सर्बिया यांची गाठ पडली, तेव्हा हेच दोघे आपापल्या देशांचे प्रशिक्षक होते. क्रोएशियाने तो सामना २-० असा जिंकला. खेळाच्या इतिहासात असे योग क्वचितच जुळून येतात.

स्पेनमधील कादिस येथे दोन हंगाम खेळून श्टिमाट्स हायदुककडे परतले. १९९४-९५ च्या हंगामात हायदुकने लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळविली, तसेच चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे त्यांना हरविणारा आयाक्स पुढे विजेता ठरला.

१९९५ च्या उत्तरार्धात ते इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीच्या डर्बी काउंटी या क्लबमध्ये दाखल झाले. पहिल्याच सामन्यात त्यांनी गोल केला, पण ट्रॅनमियरने डर्बीचा ५-१ असा धुव्वा उडविला. त्यानंतर मात्र सलग वीस सामने डर्बी अपराजित राहिला आणि हंगामाअखेर त्याला प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली. प्रशिक्षक जिम स्मिथ यांच्या तीन-बचावपटूंच्या रचनेत मधल्या जागेवरून चेंडू शांतपणे पुढे खेळवणारा बचावपटू त्या काळच्या इंग्लिश प्रेक्षकांना नवाच होता. डर्बीच्या चाहत्यांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९९९ ते २००१ या काळात ते वेस्ट हॅमकडून खेळले आणि अखेर हायदुककडे परतून २००२ मध्ये निवृत्त झाले.

राष्ट्रीय संघातील त्यांच्या कारकिर्दीला दोन टोके आहेत. १९९६ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना त्यांना लाल कार्ड मिळाले. काही मिनिटांतच माथियास झामरने जर्मनीचा विजयी गोल केला. दोन वर्षांनी ल्योन येथे त्याच जर्मनीला क्रोएशियाने ३-० असे नमविले. मिरोस्लाव ब्लाजेविच यांच्या त्या संघात श्टिमाट्स, स्लावेन बिलिच आणि दारियो शिमिच यांची बचावफळी होती. उपांत्य फेरीत फ्रान्सकडून १-२ असा पराभव झाला, परंतु नेदरलँड्सला हरवून नवजात राष्ट्राने कांस्यपदक मिळविले.

क्रोएशियाचे प्रशिक्षकपद

जुलै २०१२ मध्ये बिलिच यांच्याच जागी श्टिमाट्स यांची नेमणूक झाली. आरंभ उत्तम झाला, पण स्कॉटलंडकडून दोनदा हार पत्करावी लागल्याने क्रोएशिया गटात बेल्जियमच्या मागे दुसरा राहिला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. विश्वचषकाची पात्रता संघाने निको कोवाच यांच्या हाताखाली पूर्ण केली. त्यानंतर त्यांनी इराण व कतारमधील क्लबांत काम केले.

भारतातील पाच वर्षे

मे २०१९ मध्ये स्टीफन कॉन्स्टन्टाइन यांच्यानंतर श्टिमाट्स भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. लांब चेंडू फेकण्याऐवजी मागून पास देत खेळ उभारावा, हा त्यांचा आग्रह होता. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला भारताने ०-० असे रोखले, तेही सुनील छेत्री खेळत नसताना. त्या रात्री फार मोठ्या आशा निर्माण झाल्या. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि मार्च २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने ६-० असा दणका दिला. बलाढ्य संघासमोर चिवट, तर दुबळ्या संघासमोर निरुत्तर, हे त्या संघाचे लक्षण शेवटपर्यंत टिकले.

२०२३ हे वर्ष सर्वांत यशाचे ठरले. इम्फाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा आंतरखंडीय चषक आणि बंगळूरची सॅफ स्पर्धा भारताने जिंकली. २०२१ ची सॅफ स्पर्धाही त्यांच्याच काळात जिंकलेली होती. जुलै २०२३ मध्ये फिफा क्रमवारीत भारत पहिल्या शंभरांत होता. बंगळूरच्या स्पर्धेत पाकिस्तान व कुवेतविरुद्धच्या सामन्यांत स्वतः प्रशिक्षकालाच लाल कार्ड मिळाले. खेळाडूचा स्वभाव प्रशिक्षकातही उरला होता.

या यशाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. चारही स्पर्धा भारतात किंवा दक्षिण आशियात झालेल्या होत्या. जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया (०-२), उझबेकिस्तान (०-३) व सीरिया (०-१) या तिघांकडूनही हार झाली आणि तीन सामन्यांत भारताला एकही गोल करता आला नाही. स्पर्धेपूर्वी संघाला एकत्र सरावासाठी जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तर क्लबांनी खेळाडू सोडण्यावरून घातलेल्या घोळामुळे संघ पोहोचला आणि चोवीस तासांच्या आत चीनविरुद्ध मैदानात उतरून १-५ असा हरला. क्लबांच्या संघांत आघाडीची जागा बहुधा परदेशी खेळाडूंकडे असते, त्यामुळे छेत्रीचा वारस घडत नाही, ही श्टिमाट्स यांची तक्रार रास्तच होती. तथापि हाती आलेल्या खेळाडूंकडून गोल कसे करून घ्यावेत, या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही सापडले नाही.

२०२६ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी हा खरा कसोटीचा काळ होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्याच भूमीवर १-० असे हरवून सुरुवात चांगली झाली होती. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारविरुद्ध १-० अशी आघाडी असताना, चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यानंतर पुन्हा आत ओढून झालेला गोल पंचांनी ग्राह्य धरला. त्या फेरीत चित्रफितीवरून पडताळणीची सोय नव्हती. भारत १-२ असा हरला आणि देशभर संताप उसळला. हा अन्याय होता, यात शंका नाही. परंतु गुणतक्ता निराळेच सांगतो. कुवेत ७ गुणांसह पुढे गेला व भारताचे ५ गुण झाले. २६ मार्च रोजी गुवाहाटी येथे छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात अफगाणिस्तानविरुद्ध मिळविलेली १-० ही आघाडी भारताने राखली असती, तर ८ गुण होऊन दोहामधील पराभवानंतरही तिसरी फेरी प्रथमच गाठता आली असती. ती आघाडी अखेरच्या वीस मिनिटांत निसटली. दोहाचा गोल सर्वांच्या स्मरणात राहिला, गुवाहाटीचा सामना मात्र विस्मरणात गेला.

तिसरी फेरी न गाठल्यास पद सोडू, असे श्टिमाट्स यांनी आधी म्हटले होते. प्रत्यक्षात १७ जून २०२४ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेच त्यांना दूर केले. त्यांचा करार २०२६ पर्यंत असल्याने भरपाईचा वाद उभा राहिला व सुमारे ४ लाख अमेरिकी डॉलर देऊन तो मिटविण्यात आला. जाताना त्यांनी महासंघाच्या नेतृत्वावर जाहीर टीका केली. एकूण ५३ सामन्यांत १९ विजय, १४ बरोबरी व २० पराभव अशी त्यांची कामगिरी राहिली.

त्यांच्यानंतरचा काळ

त्यांच्या जागी एफसी गोवाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ आले. दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळणारे मार्केझ वर्षभरातच राष्ट्रीय संघापासून दूर झाले. छेत्रीला मार्च २०२५ मध्ये निवृत्ती मागे घेऊन परतावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये, मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेले खालिद जमील यांच्याकडे सूत्रे आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर भारताने सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊनही १-२ अशी हार पत्करली आणि २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता हुकली. श्टिमाट्स यांच्या संघाने २०२२ मध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान व हाँगकाँग यांना ओळीने हरवून हीच पात्रता मिळविली होती.