बोलेल सावकाश, पण कधी?

मराठी घरात मूल जन्माला आले की त्याच्या वाढीची जवळजवळ प्रत्येक पायरी साजरी होते. बाराव्या दिवशी बारसे, सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण, संक्रांत आली की बोरनहाण, पुढे यथावकाश जावळ. पहिला दात दिसला की आजोळी फोन जातो, पहिले पाऊल पडले की घरात कौतुकाचा सोहळा होतो. बोलण्यासाठी मात्र असा कोणताच विधी नाही. पहिला शब्द केव्हा यावा याची तिथी पंचांगात नसते. त्यामुळे तो आला नाही, तर ते लवकर कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूल दीड वर्षाचे होते, दोन वर्षांचे होते. ते गोजिरवाणे असते, घरभर धावते, सर्वांच्या अंगाखांद्यावर खेळते. अखेर एखाद्या दिवशी त्याची आई दबक्या आवाजात काळजी बोलून दाखवते आणि वडीलधाऱ्यांकडून ठरलेले उत्तर येते, ‘‘बोलेल गं सावकाश. याचे बाबासुद्धा चौथ्या वर्षी बोलले!’’

या उत्तरात माया आहे, अनुभवही आहे. सगळी मुले एकाच वयात बोलू लागत नाहीत. मुलींच्या तुलनेत मुलगे सरासरीने थोडे मागे असतात. दुसऱ्या वाढदिवसाला मोजकेच शब्द बोलणारी अनेक मुले पुढे कोणत्याही उपचाराविना इतरांच्या बरोबरीला येतात. हे सर्व खरे असले, तरी समोरचे मूल त्या भाग्यवान गटातले आहे की नाही, हे घरातल्या घरात कुणालाही सांगता येत नाही. प्रश्न आहे तो एवढाच. तज्ज्ञाने तपासल्यामुळे मुलाचे काही बिघडत नाही. वाट पाहण्यामुळे मात्र काही मुलांचे आयुष्यभराचे नुकसान होते. मेंदूला भाषा शिकण्याची जी नैसर्गिक तत्परता असते, ती पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. ती वर्षे परत आणता येत नाहीत.

वाणीची उपासना करणाऱ्या समाजाला खरे तर हे नव्याने सांगावे लागू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाग्देवीचे स्वतंत्र सूक्त आहे. शब्दावाचून ज्ञान संभवत नाही, हा सिद्धान्त भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मांडला. सहा वेदांगांपैकी ‘शिक्षा’ हे एक अंग केवळ उच्चारासाठी वाहिलेले आहे. वाघीण आपल्या पिलांना दातांत धरून नेते, पण ती पडू देत नाही आणि त्यांना दात लागूही देत नाही. वर्णांचा उच्चार तशा काळजीने करावा, असा दृष्टान्त पाणिनीय शिक्षेत आला आहे. ज्या परंपरेने उच्चाराची एवढी चिंता वाहिली, तिच्या वारसांनी घरातल्या बालकाच्या मौनाकडे ‘होईल सावकाश’ म्हणून पाहावे, हे त्या परंपरेला शोभणारे नाही.

कोणत्या वयात काय दिसावे?

बोलणे एके दिवशी अचानक उगवत नाही. त्याची तयारी जन्मापासून चालू असते. नवजात बालक मोठ्या आवाजाने दचकते. तीन-चार महिन्यांत ते हुंकार देऊ लागते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू होते. वर्षाच्या आसपास ते नावाने हाक मारल्यावर वळून पाहते, हात हलवून टाटा करते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते. याच सुमारास किंवा पुढच्या दोन-तीन महिन्यांत पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दीड वर्षाच्या मुलाकडे साधारण दहा-बारा शब्द असतात. दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द जमतात आणि मूल दोन शब्द जोडू लागते. ‘आई ये’, ‘बाबा गेले’, ‘दुदू दे’ ही त्याची पहिली वाक्ये. तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्ये येतात आणि घराबाहेरच्या माणसालाही त्याच्या बोलण्यातील बराचसा भाग कळतो.

हे टप्पे महिना-पंधरा दिवस मागे-पुढे झाले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये. वर्ष पूर्ण होऊनही मूल अक्षरांची बडबड करीत नाही, किंवा बोट दाखवणे, हात हलवणे अशा खुणा करीत नाही. सोळा महिन्यांनंतरही एकही शब्द नाही. दोन वर्षांनंतरही ते स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. यात ‘स्वतःहून’ हा शब्द महत्त्वाचा. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीतले वाक्य जसेच्या तसे म्हणणे म्हणजे बोलणे नव्हे. आणि सर्वांत गंभीर खूण म्हणजे येत असलेले शब्द किंवा खुणा नाहीशा होणे. असे कोणत्याही वयात घडले तरी मुलाला त्वरित डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

मूल किती बोलते याइतकेच, ते किती समजते हेही पाहावे लागते. हाताने न खुणावता ‘चप्पल आण’ म्हटल्यावर दीड-दोन वर्षांचे मूल चप्पल आणते का? आजी अंगणात चांदोबा दाखवते तेव्हा ते आजीच्या बोटाच्या दिशेने वर पाहते का, आणि पाहून झाल्यावर आनंदाने पुन्हा आजीकडे वळते का? चिऊ-काऊच्या घासांमध्ये, तळहातावरच्या बोटांच्या खेळांमध्ये ते रमते का? हे जुने खेळ बालविकासाच्या उत्तम कसोट्या आहेत. नावाला प्रतिसाद न देणे, नजरेला नजर न देणे, बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून वस्तूकडे नेणे, या गोष्टी एकत्र दिसल्या तर स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी आवश्यक ठरते.

बोबडे बोल ही निराळी बाब आहे. र, ळ, ण, ष असे वर्ण उशिरा स्थिरावतात. तीन वर्षांचे मूल ‘राम’ला ‘लाम’ म्हणाले तर त्यात चिंतेचे कारण नाही. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अनेक मुले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत अडखळतात आणि बहुतेकांचे अडखळणे आपोआप जाते. ते सहा महिन्यांहून अधिक टिकले, बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, आवाज अडकून राहू लागला किंवा घराण्यात तोतरेपणा असला, तर मात्र सल्ला घ्यावा. दरम्यान ‘नीट बोल’ म्हणून मुलाला चारचौघांत दटावू नये.

आधी कान, मग जीभ

वेदांना ‘श्रुती’ म्हणणाऱ्या परंपरेत ऐकणे आधी आणि उच्चारणे नंतर, हा क्रम रूढ आहे. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली तपासणी श्रवणाचीच असली पाहिजे. जगभरात दर हजार नवजात बालकांमागे एक ते तीन बालकांना लक्षणीय श्रवणदोष असतो. जन्मानंतर एका महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचारांचा प्रारंभ, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. पुष्कळ घरांत या तपासणीची जागा थाळी वाजवण्याने घेतलेली असते. थाळी वाजली, मूल वळले, म्हणजे ऐकू येते! वस्तुतः थाळीचा नाद फार मोठा असतो आणि मूल हाताची हालचाल पाहूनही वळते. बोलण्यातील बारीक ध्वनी, ‘स’ आणि ‘त’ यांतला भेद, त्याच्या कानी पडतो का, हे थाळी सांगत नाही. ओएई आणि बेरा या वेदनारहित चाचण्या झोपलेल्या तान्ह्या मुलावरही करता येतात. वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचूनही ऐकणे मंदावते, आणि त्यावर उपचार होऊ शकतात.

वेखंड उगाळून चाटवणे, पोपटाने उष्टावलेले फळ भरवणे, जिभेखालची शीर कापून आणणे, असे उपाय अजूनही सुचवले जातात. जिभेखालच्या पडद्यामुळे काही उच्चारांना अडथळा येऊ शकतो. मूल मुळीच बोलत नसेल, तर त्याचे कारण बहुधा अन्यत्र असते. अशा उपायांत मोलाचे महिने निघून जातात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी नवस अवश्य बोलावा, परंतु कानाची तपासणी त्याआधी करावी.

याहून मोठा दोष आहे तो दूषण देण्याचा. मूल बोलत नाही म्हटले की कुणी आईच्या नोकरीकडे बोट दाखवतो, कुणी पूर्वजन्मीच्या संचिताकडे. त्यामुळे पालक ही गोष्ट लपवू लागतात आणि तपासणी आणखी लांबते. मुलगी असेल तर ‘किती शांत आहे’ अशी तिच्या मौनाची स्तुती होते आणि दोष झाकला जातो.

पडदा आणि परकी भाषा

विभक्त कुटुंबात मुलाला भरवताना मोबाइल समोर धरणे हा आता नित्यक्रम झाला आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एक वर्षापर्यंत पडदा नको, एक वर्षाच्या मुलालाही तो शिफारसयोग्य नाही आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. पडदा बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. मूल भाषा शिकते ते देवाणघेवाणीतून. म्हणून मोबाइल दूर ठेवलाच पाहिजे. मात्र ‘आधी मोबाइल बंद करून सहा महिने पाहू’ हेही वाट पाहण्याचेच एक नवे रूप आहे. ज्याला ऐकूच येत नाही, ते मूल मोबाइल बंद केल्याने बोलू लागणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या पाहिजेत.

दुसरा घोटाळा भाषेचा. इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायचा म्हणून पुण्या-मुंबईतील, तसेच बंगळुरूमध्ये किंवा परदेशात स्थायिक झालेली अनेक मराठी जोडपी मुलाशी घरात तोडके-मोडके इंग्रजी बोलतात. मूल उशिरा बोलते असे दिसले की ‘मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला शास्त्राला धरून नाही. दोन भाषा कानी पडल्याने वाचादोष निर्माण होत नाही. आईवडिलांनी ज्या भाषेत त्यांना हसता-रागावता येते, गोष्ट सांगता येते, ती भाषा मुलाशी बोलावी. शब्द मोजताना सर्व भाषांतले शब्द एकत्र धरावेत. आजीची मराठी मुलाच्या आड येत नाही. ती काढून घेतली तर घरातील सर्वांत गप्पिष्ट व्यक्तीशी असलेला त्याचा संवाद तुटतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. दोन भाषांमुळे उशीर होतो असे समजून तपासणी टाळणे तितकेच चुकीचे आहे.

कोठे जावे, काय करावे?

वाचा उपचार म्हणजे औषध किंवा शस्त्रक्रिया, अशी अनेकांची समजूत असते. लहान मुलांच्या बाबतीत तो बहुतांशी खेळ असतो आणि त्याचा अर्धा भाग पालकांना शिकवण्याचा असतो. मुलाने पाण्याकडे हात केला की लगेच पेला न देता क्षणभर थांबावे, ‘पाणी हवं?’ असे विचारावे, त्याने केलेल्या आवाजाला शब्दाचा मान द्यावा. आंघोळ, जेवण, देवघरातील दिवा लावणे ही सारी भाषेची शाळा होऊ शकते.

या सोयी केवळ श्रीमंतांसाठी नाहीत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था कार्यरत आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ मधील आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. त्याची पथके अंगणवाड्यांमध्ये जाऊन मुलांची विनामूल्य तपासणी करतात आणि गरज भासल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. खाजगी उपचारकाकडे जाताना त्याची पदवी आणि नोंदणी पाहून घ्यावी, कारण या क्षेत्रात अर्धशिक्षितही आहेत.

योजना कागदावर आणि मूल घरात, यांमधले अंतर शासनाला एकट्याने ओलांडता येणार नाही. तेथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. गृहसंपर्काला गेलेला कार्यकर्ता घरातील मुलाचे नाव विचारतोच. त्या नावाने मुलाला हाक मारून पाहण्यास वेगळा वेळ लागत नाही. शिशुवाटिकेतील ताई, सेवावस्तीतील आरोग्यरक्षक, भगिनी मंडळातील आजी यांना वर सांगितलेल्या चार-पाच खुणा पाठ असल्या, तर एका तालुक्यातील कितीतरी मुले वेळेवर तज्ज्ञांपर्यंत पोहोचतील. निदान करणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. काळजी करणाऱ्या आईला ‘काही नाही हो’ म्हणून गप्प न करता तिच्यासोबत तपासणीला जाणे, हे त्याचे काम आहे.

कुटुंब ही हिंदू समाजाची शक्ती आहे, असे सर्व व्यासपीठांवरून सांगितले जाते. त्या शक्तीची परीक्षा अशा प्रसंगी होते. नातवाच्या मौनाची पहिली शंका आजीला यावी, तिने ती बोलून दाखवावी आणि आजोबांनी दुसऱ्याच दिवशी सुनेसोबत रुग्णालयात जावे, असे ज्या घरात घडेल, तेथे मुलाच्या पहिल्या शब्दासाठी निराळ्या संस्काराची उणीव भासणार नाही.