गोऱ्यांची शिस्त वगैरे

दोन आठवडे इंग्लंडला ऑनसाइट जाऊन आलेला मराठी इंजिनियर परतल्यावर एक वाक्य हमखास टाकतो. "गोऱ्यांनी निसर्ग कसा जपलाय बघा, आपल्याकडे ती शिस्तच नाही!" सोबत पांढऱ्याशुभ्र कड्यांचे पन्नास फोटो. फोटो छान असतात हो. पण ते वाक्य खोटं आहे, आणि वर सोयीचंही आहे.

हे कडे म्हणजे ससेक्समधले सेव्हन सिस्टर्स. लंडनकरांचा उन्हाळ्यातल्या वीकांताचा ठरलेला कार्यक्रम. सकाळी सीफर्ड स्टेशनला उतरायचं, सीफर्ड हेड चढायचं, ककमिअर नदीच्या मुखाशी पूल नाही म्हणून आत एक्सीटपर्यंत वळसा घालायचा आणि मग एकामागून एक टेकड्या. चढ, उतार, चढ, उतार.. बर्लिंग गॅपला समुद्र सोडून ईस्ट डीन गावात यायचं. एकूण साधारण 15-16 किलोमीटर. गावाच्या हिरवळीला लागून 'टायगर इन' नावाचा पब आहे. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड, त्यामुळे घाई नाही. एक पाइंट घ्यायचा (न पिणाऱ्यांनी लेमोनेड), बूट सैल करायचे आणि गवतावर पाय पसरायचे. सुख म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

पण हे सुख शिस्तीमुळे टिकलं? डोंबल! याच किनाऱ्यावर थोडं पश्चिमेला पीसहेवन आहे. तिथे 1916 मध्ये एका बिल्डरने कड्यावरच्या जमिनीचे प्लॉट पाडले आणि बंगल्यांच्या रांगा उठल्या. सेव्हन सिस्टर्सची गतही तीच होणार होती. 1926 मध्ये लोकांनी वर्गणी काढून क्रोलिंकची जमीन वाचवली. पुढे 1929 मध्ये ईस्टबोर्नच्या नगरपालिकेने बीची हेडच्या आसपासची जमीन विकत घेतली. आणि गंमत बघा, त्याच गावच्या कौन्सिलने 2016 मध्ये त्यातली शेतं विकायला काढली! लोकांनी बोंबाबोंब केली तेव्हा कुठे 2017 मध्ये बेत गुंडाळला. ही शिस्त नव्हे मंडळी, ही शंभर वर्षं चाललेली भांडणं आहेत.

चालण्याचा हक्कही असाच मिळवलेला. उत्तरेत किंडर स्काउटच्या डोंगरावर जमीनदार शिकारीसाठी लोकांना पाय ठेवू देत नसत. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडची कामगार पोरं मुद्दाम घुसली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यानंतर 1949 च्या कायद्याने पाऊलवाटांची अधिकृत नकाशांवर नोंद सुरू झाली, 2000 च्या कायद्याने माळरानं खुली झाली आणि 2009 च्या कायद्याने अख्ख्या किनाऱ्याची वाट आखायला घेतली. त्यात एक झकास कलम आहे. कडा ढासळला तर वाट आपोआप आत सरकवता येते. समुद्र जमीन खाणार हे गृहीत धरून लिहिलेला कायदा! याला म्हणतात एरर हँडलिंग.

पबचंही तेच. गावचा पब पाडून घरं बांधणं मालकाला जास्त परवडतं. म्हणून 2011 च्या कायद्याने गावकऱ्यांना पबची 'समाजाची मालमत्ता' अशी नोंद करून घेता येते. मग मालक विकायला निघाला तर स्वतःची बोली लावायला गावाला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. 2017 पासून परवानगीशिवाय पब पाडताही येत नाही. वाट आणि पब, दोन्ही कागदावर भांडून राखलेत.

आता आपलं कोकण. पाखाड्या, पाणंदी, सड्यावरच्या पायवाटा आपल्याकडेही आहेत. गाव नकाशावर पाऊलवाट नि गाडीवाट तुटक रेषांनी दाखवलेली असते. शेतरस्त्यातला अडथळा काढायचे अधिकार 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्यापासून तहसीलदाराला आहेत. किनाऱ्यावरच्या बांधकामाला आळा घालणारी सीआरझेडची अधिसूचना 1991 मध्ये आली. म्हणजे कोऱ्या पाटीपासून सुरुवात करायची नाहीये. पण हे नियम कुंपण आणि बांधकामापुरते. सामान्य माणसाने किनाऱ्याने नुसतं चालत जावं, हा हक्क मागायला आपण कधी एकत्र आलोच नाही. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर एखाद्या रिसॉर्टचं फाटक लागलं की आपण वळसा घालतो, किंवा सरळ त्याच रिसॉर्टमध्ये खोली बुक करतो.

"आपल्यात शिस्तच नाही" म्हटलं की प्रश्न स्वभावाचा होतो. स्वभावाला औषध नाही, म्हणजे काही करायला नको! वाट हक्काची आहे म्हटलं, की गाव नकाशा काढावा लागतो, अर्ज करावा लागतो, ग्रामसभेत ओरडावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत.

पुढच्या वीकांताला कोकणात गेलात तर मासे जरूर खा, पण बंद फाटक दिसलं तर तिथे कोणती वाट होती ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तेवढं तर व्हिसाशिवाय जमेल :)