रुजू झाले, पण दाखल नाहीत
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंस खुले पत्र

माननीय महोदय व महोदया,



एका विद्यापीठाच्या संगणक विभागात तेवीस वर्षे नोकरी करून मी नुकताच सेवानिवृत्त झालो आहे. आणि ज्या विषयावरची एकही नस्ती त्या तेवीस वर्षांत कुलगुरूंच्या मेजापर्यंत गेल्याचे मला स्मरत नाही, त्या विषयासंबंधी आज हे पत्र लिहीत आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. विद्यापीठात नव्याने रुजू होणाऱ्या माणसाला त्याचे संगणकीय खाते, म्हणजे अधिकृत ईमेल, वायफायची परवानगी, ग्रंथालयातील नियतकालिकांपर्यंतची वाट, गुण भरण्याच्या प्रणालीतील त्याच्या नावाची नोंद, हे सारे केव्हा आणि कोणत्या रीतीने मिळावे, एवढाच तो आहे. परंतु विद्यापीठ नव्या माणसाला स्वतःविषयीचा पहिला धडा देते तो याच ठिकाणी, अशी माझी अनुभवाअंती धारणा झाली आहे, आणि तो धडा आज आपण चुकीचा देत आहोत, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वनस्पतिशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झालेल्या एक बाई सकाळी आस्थापना विभागात रुजू अहवाल देऊन, हजेरीपत्रकावर पहिली सही करून, अकराच्या सुमारास आमच्या खिडकीपाशी आल्या. हातात नियुक्तिपत्र, पदव्यांच्या साक्षांकित प्रती आणि ओळखीचे दाखले यांची नीट लावलेली धारिका होती. खात्यासाठीचा अर्ज आम्ही त्यांच्या हाती दिला; त्यावर विभागप्रमुखांची शिफारस हवी, मग कुलसचिव कार्यालयाची मंजुरी हवी, आणि या दोहोंच्याही आधी कर्मचारी क्रमांक हवा, जो सेवापुस्तक उघडल्याखेरीज पडत नव्हता. सेवापुस्तक उघडायला पूर्वीच्या संस्थेचा कार्यमुक्तीचा दाखला हवा होता आणि तो टपालात होता. प्रत्येक पायरी आपापल्या जागी योग्य होती, कोणीही कामचुकारपणा केला नव्हता, आणि तरीही खाते उघडेपर्यंत सहा आठवडे लोटले.

दरम्यान अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरण्याची मुदत येऊन ठेपली. विभागातील एका सद्भावी सहकाऱ्याने आपले वापरनाव आणि परवलीचा शब्द पिवळ्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे ठेवला. वर्षानुवर्षे असेच चालत आले होते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नव्हते. बाई ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्या. ती मेजावर ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "या नावावर मी गुण भरले आणि उद्या एखाद्या मुलाच्या गुणांत चूक निघाली, तर ती कोणाच्या नावावर पडणार?" मला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक दिवस त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही.

महोदय, आपल्या दफ्तरांची परंपरा जुनी आहे, आणि त्या परंपरेत सहीला फार मोठे मोल आहे. ज्या कारकुनाने मसुदा लिहिला त्याने त्याखाली आपलीच आद्याक्षरे करावीत, दुसऱ्याच्या हुद्द्याची सही कोणी ठोकू नये, हा दंडक मोडणाऱ्याची खातेनिहाय चौकशी होत असे. परवलीचा शब्द ही आजच्या काळातील सहीच आहे. त्याचा जन्मही विद्यापीठातलाच: 1961 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था उभारत असताना, यंत्र सामाईक असले तरी प्रत्येकाचे काम त्याचे त्याच्यापाशी राहावे, या साध्या गरजेतून ही युक्ती पुढे आली. यंत्र सर्वांचे आणि सही ज्याची त्याची, हे त्यातले तत्त्व. जी संस्था नव्या माणसाला वेळेवर खाते देत नाही आणि काम मात्र मुदतीत मागते, ती त्याला पहिल्याच महिन्यात दुसऱ्याच्या सहीने काम करायला शिकवते. आणि एकदा लागलेली ती सवय पुढे परिपत्रके काढून सुटत नाही.

आज या खात्याचे महत्त्व एका कार्यालयापुरते राहिलेले नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ज्ञानस्रोतांच्या प्रवेशासाठी जी संघव्यवस्था उभी केली आहे, तिच्यात शिक्षकाचा परवलीचा शब्द प्रकाशकाकडे जातच नाही. प्रकाशक विद्यापीठाला विचारतो की हा माणूस आपला आहे काय, आणि विद्यापीठ 'होय' म्हणाले की दार उघडते. युरोपात 2002 मध्ये क्लास विरेंगा यांच्या प्रस्तावातून सुरू झालेल्या आणि आता शंभराहून अधिक देशांत पोहोचलेल्या एज्युरोम या वायफाय व्यवस्थेचेही हेच सूत्र आहे: परगावच्या विद्यापीठात गेलेल्या प्राध्यापकाची ओळख त्याचे स्वतःचे विद्यापीठ पटवते आणि यजमान संस्था त्या शब्दावर विश्वास ठेवते. पूर्वी पेढीच्या शब्दावर परमुलखात हुंडी वटत असे, तसेच हे आहे. अर्थात पेढीच्या वहीत ज्याचे नावच नाही, त्याची हुंडी कोण वटवणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली आणि तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके देशातील शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली केली. परंतु एवढा खर्च करून दाराशी आणलेली ही ज्ञानसंपदा रात्री घरी बसून शोधनिबंध लिहिणाऱ्या शिक्षकापर्यंत पोहोचते ती त्याच्या संस्थेच्या खात्यातूनच, आणि ते खाते ज्याला नाही त्याला ती असून नसल्यासारखी.

येथे मला तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकांचे स्मरण होते. तेच अभ्यासक्रम ते शिकवतात, त्याच उत्तरपत्रिका तपासतात. पण त्यांची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, सेवापुस्तक नाही, म्हणून कर्मचारी क्रमांक नाही, म्हणून खाते नाही. मानधनाचा आणि कायम नेमणुकीचा प्रश्न शासनाच्या अखत्यारीत असेल; पण आपल्याकडे शिकवणाऱ्या माणसाला आपले म्हणणे हे तर सर्वस्वी विद्यापीठाच्या हाती आहे, आणि त्याला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक बारकावा आपल्या कानावर घालतो, कारण तो खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्यालाच दिसतो. आपल्याकडे अनेक स्त्रियांच्या पदव्या माहेरच्या नावाने असतात, शोधनिबंध त्याच नावाने प्रसिद्ध झालेले असतात, आणि सेवापुस्तक मात्र विवाहोत्तर नावाने उघडते. खाते बनवणारा कर्मचारी समोरच्या कागदावरचे नाव उचलतो आणि पंधरा वर्षांच्या संशोधनाची नाळ एका क्षणात तुटते. त्या बाईंचेही असेच झाले होते. 2012 पासून संशोधकांना मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक नाव बदलले तरी बदलत नाही. अर्जात त्याच्यासाठी एक रकाना ठेवावा आणि 'आपले नाव कसे लिहावे?' एवढा एक प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावा, म्हणजे ही हानी टळेल.

मग करावे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 याने प्रत्येक विद्यापीठाला माहिती तंत्रज्ञान मंडळ दिले आहे. त्याच अधिनियमाने निकाल तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत, लावण्याचे बंधन घातले आहे. निकालाला मुदत असते, तशी खात्यालाही असावी, आणि ती ठरवण्याचे काम या मंडळाकडे सोपवावे. माझी विनंती अशी की खात्याची सुरुवात सेवापुस्तकापासून नव्हे, तर नियुक्तिपत्रापासून व्हावी; उमेदवाराने नेमणूक स्वीकारल्याचे कळवताच आस्थापना विभागाने ती नोंद संगणक विभागाकडे धाडावी, आणि रुजू होण्याच्या दिवशी मूळ कागदपत्रे पाहून, समक्ष ओळख पटवून, खाते त्याच्या स्वाधीन करावे. परवलीचा शब्द त्याने स्वतः ठरवावा, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलण्याची सक्ती करू नये. कारण अशा सक्तीने माणसे तो कागदावर लिहून ठेवू लागतात, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शिकेत ही प्रथा सोडून देण्यास सांगितले आहे. मराठीत लिहिलेली एक पानाची माहितीपत्रिका सोबत असावी, आणि अडचण आल्यास कोणाकडे जावे, त्या माणसाचे नाव तिच्यावर असावे. नेमणूक संपल्यावर पत्रे व टिपणे काढून घेण्यास वाजवी मुदत देऊन खाते त्याच तत्परतेने बंद व्हावे, कारण गेलेल्या माणसाचे उघडे राहिलेले खाते हे बेवारस शिक्क्याइतकेच धोक्याचे असते.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. आज एकामागून एक फिरणारे कागद एकाच वेळी फिरू लागावेत, एवढाच फेरफार आहे. मात्र आस्थापना, ग्रंथालय, परीक्षा आणि संगणक हे चारही विभाग ज्यांचा शब्द मानतात, अशा एकाच व्यक्तीकडून तो होऊ शकतो, आणि म्हणूनच हे पत्र आपणांस लिहिले आहे.

त्या बाईंनी चिठ्ठीवरच्या नावाने गुण भरले नाहीत. त्यांनी ते रेघांच्या कागदावर, आसनक्रमांकानुसार, स्वच्छ अक्षरात लिहिले, प्रत्येक पानाखाली पूर्ण सही करून तारीख घातली आणि विभागप्रमुखांच्या हवाली केले. खाते मिळाल्यावर एका संध्याकाळी बसून स्वतःच्या नावाने ते प्रणालीत चढवले. मुदत टळल्याबद्दल त्यांना खुलासा द्यावा लागला. तो खुलासा वस्तुतः आम्ही द्यायला हवा होता, आणि तो उशिरा का होईना, या पत्राने मी देत आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला विनीत,
विद्यापीठाच्या संगणक विभागातील एक सेवानिवृत्त कर्मचारी