तुमची केबिन बघायला मी येणार नाही

क्रूझवर 'केबिन क्रॉल' नावाचा एक प्रकार चालतो. अजून कानावर आला नसेल तर थोडक्यात सांगतो. जहाज सुटायच्या महिना-दोन महिने आधी त्याच सफरीला निघालेले लोक फेसबुकवर किंवा क्रूझ क्रिटिकसारख्या साइटवर एकमेकांना शोधतात. त्यातला एखादा उत्साही माणूस शीट उघडतो: नाव, केबिन नंबर, केबिनचा प्रकार, वेळ. मग जहाज कुठल्याच बंदराला लागणार नसतं त्या दिवशी वीस-पंचवीस अनोळखी माणसं रांगेनं एकमेकांच्या खोल्या बघत फिरतात. आधी बिनखिडकीची इनसाइड, मग खिडकीवाली, मग बाल्कनी, शेवटी स्वीट. अष्टविनायकासारखा क्रम ठरलेला. फरक एवढाच की इथला देव दर मुक्कामाला महाग होत जातो.

मला हा प्रकार पटत नाही. आणि 'बिघडतं काय, सगळे राजीखुशीनं दार उघडतात' हे उत्तर तर त्याहून पटत नाही.

त्यांची बाजू अगदी पोकळ नाही, हे आधी मान्य करतो. कंपनीच्या साइटवरचे फोटो वाइड अँगल लेन्सनं काढलेले असतात. पुण्यात सॅम्पल फ्लॅट बघत फिरलेल्या माणसाला यापुढचं सांगायला नको. शिवाय एकाच दराच्या दोन केबिन सारख्या नसतात. एकीच्या डोक्यावर पूल डेक असतो आणि भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, दुसरीच्या बाल्कनीसमोर लाइफबोट टांगलेली असते. ही माहिती कंपनी ठळक अक्षरात देत नाही, प्रवासी एकमेकांना फुकट देतात. ओपन सोर्सवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याचं कौतुक वाटणारच. कुतूहलही समजतं. 'आयकॉन ऑफ द सीज' हे २०२४ साली सुरू झालेलं जहाज गच्च भरलं तर साडेसात हजारांवर प्रवासी नेतं. त्यात एक तीन मजली 'टाउनहाउस' आहे, आत चक्क घसरगुंडी. त्याच जहाजावर बिनखिडकीच्या खोल्याही आहेत. बघावंसं वाटणं साहजिक आहे.

पण माहितीच हवी असेल तर टेप लावून घेतलेली मापं, चार फोटो आणि आवाजासकट तीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. एका फोल्डरमध्ये टाका, पुढच्या वर्षीच्या लोकांनाही उपयोगी पडेल. रांग लावून फिरायचं कशासाठी? कारण फेरी माहितीसाठी नसतेच. ती चढत्या क्रमानं असते यातच सगळं आलं. स्वीटमधून सुरू करून इनसाइडमध्ये संपवा, बघू किती जण शेवटपर्यंत येतात. फेरी संपते तेव्हा सकाळपर्यंत बरी वाटणारी आपली खोली खुराडं वाटायला लागलेली असते, आणि त्याच जहाजावर पुढच्या सफरीचं बुकिंग घेणारं टेबल मांडलेलं असतं. घरी पोचल्यावर अपग्रेडसाठी बोली लावायचा ईमेल येतो तो वेगळा. कंपनीचं सेल्सचं काम आपण सुट्टी काढून, पदरचे पैसे भरून करतो आणि त्याला 'कम्युनिटी' म्हणतो.

हे झालं आपलं आपल्यातलं. खरा हिशेब दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेचा आहे.

मी सध्या सिअॅटलला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा कराडहून आले होते, त्यांना घेऊन सात दिवसांच्या अलास्का क्रूझला गेलो. आमची खोली इनसाइड. क्रॉलच्या आयोजकाचा मेसेज आला की तुमची खोली द्याल का, तुलनेसाठी एक इनसाइड लागतेच. 'तुलनेसाठी' हा शब्द मी आईला सांगितला नाही, नुसतं विचारलं. ती म्हणाली, "माझ्या औषधाच्या डब्या आणि वाळत घातलेले टॉवेल बघायला लोक येणार? नको रे बाबा." विषय संपला.

आमचा केबिन अटेंडंट वेंगुर्ल्याकडचा निघाला. दुसऱ्या दिवशीच आईला काकू म्हणायला लागला. क्रॉलच्या दिवशी तो दुपारी दोनला कॉरिडॉरमध्ये दिसला. एरवी त्या वेळी तो नसायचा. आईनं विचारलं तेव्हा कळलं: त्याच्या पंधरा-वीस खोल्यांमधल्या दोन फेरीत होत्या. पाहुणे यायच्या आधी त्या चकाचक हव्यात म्हणून त्यांचं काम सगळ्यात आधी, आणि पंचवीस जोडी बूट फिरून गेल्यावर पुन्हा एकदा. "मग झोपलास कधी?" आईचा पुढचा प्रश्न. तो नुसता हसला.

त्या हसण्यामागचा नियम मी नंतर वाचला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं २००६ चं मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २०१३ पासून लागू आहे, भारतानं २०१५ मध्ये ते स्वीकारलं. विश्रांतीच्या तासांवर हिशेब ठेवला तर त्यात चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. हे दहा तास दोन तुकड्यांत देता येतात, त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवा. सकाळी खोल्या, रात्री पुन्हा खोल्या, असं काम असलेल्या माणसाचा दुसरा तुकडा पडतो दुपारी. आणि क्रॉल कधी असतो? दुपारीच, कारण तेव्हा खोल्या आवरलेल्या असतात.

त्याच करारात खोल्यांची मापंही आहेत. प्रवासी जहाजावर अधिकारी नसलेल्या दोघा कर्मचाऱ्यांच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट. आमची इनसाइड दीडशेच्या आसपास होती. फेरीतली सर्वांत खालची पायरी म्हणून जी खोली मागितली होती तिच्याखाली आणखी बऱ्याच पायऱ्या आहेत, फक्त तिथल्या दारावर 'क्रू ओन्ली' लिहिलेलं असतं. अटेंडंटनं स्वतःच विनोद केला, "आमच्याकडे क्रॉल काढला तर पाहुणा आत आणि मी बाहेर उभा."

यावर कुणीतरी म्हणतंच, आम्ही टिप देतो ना. द्या. पण टिप झालेल्या कामाची असते, झोपेची परवानगी त्यातून विकत मिळत नाही. दार उघडणाऱ्याची संमती सगळे विचारतात, आवरणाऱ्याची कुणी नाही. वास्तुशांतीला आपणही लोकांना घर दाखवतो, बाथरूमच्या टाइल्ससकट. तिथं निदान पसारा आपल्या घरचं माणूस काढतं. (ते माणूस दरवेळी आईच का, हे वेगळं भांडण आहे, आणि तेही व्हायला हवं.)

सुरक्षेचं तर बोलायलाच नको. काही जहाजांवर स्वीटवाल्यांचा वेगळा भाग असतो, नॉर्वेजियनचा 'हेवन' किंवा एमएससीचा 'यॉट क्लब', जिथं खास कार्डाशिवाय जाता येत नाही. एकानं कार्ड लावायचं आणि मागून बाकीच्यांनी आत शिरायचं, याला आमच्या ऑफिसात टेलगेटिंग म्हणतात. त्यावर दरवर्षी कंटाळवाणं ट्रेनिंग होतं, शेवटी क्विझ असते. इथं हीच गोष्ट सुट्टीतली गंमत. वर कुणाची खोली कितवी आणि तो दुपारी किती वाजता कुठं असेल, हे सगळं लिंक हातात असलेल्या कुणालाही दिसणाऱ्या शीटमध्ये.

सफरीच्या शेवटाकडे आणखी एक फेरी ठरली होती. जहाजाचं महागडं वायफाय वापरून मी शीटमध्ये एक कॉलम वाढवला: 'अटेंडंटला वेळ विचारली का?' दोघांनी 'हो' भरलं, एकीनं वेळ बदलून घेतली. संध्याकाळी पुन्हा बघितलं तर आयोजकानं कॉलम डिलीट केला नव्हता, फक्त हाइड केला होता. एफनंतर थेट एच.